बाजारपेठेचा रस्ता खासगी गाड्यांना बंद करायचाय? मग बॅरिकेड सगळ्यात शेवटी लावा

"मेन रोडवर चारचाकी बंद करा" ही मागणी आता जवळपास प्रत्येक शहरात होते. निवेदन देतात, फोटो येतो, मग एखाद्या रविवारी रस्ता बंद होतो, सोमवारी उघडतो आणि विषय संपला. किंवा त्याहून वाईट म्हणजे आठवडाभर बंद राहतो, शेजारच्या बोळात गाड्या अडकून बसतात, व्यापारी भडकतात, फोनाफोनी होते, आदेश गुपचूप मागे घेतात आणि मग पुढची दहा वर्षं त्या रस्त्याचं नाव काढायची कुणाची हिंमत होत नाही. बहुतेक ठिकाणी चूक एकच असते. आधी बॅरिकेड उभं राहतं आणि मग माल कुठून येणार, वाड्यात राहणारा माणूस गाडी कुठे लावणार याचा विचार सुरू होतो.

खाली क्रमाने लिहिलंय. उदाहरणाला पुण्याचा लक्ष्मी रोड घेतलाय कारण तिथे हे थोडंफार होऊन गेलंय, २०२१ पासून महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन करते आणि गरुड गणपती चौकापर्यंतचा तुकडा त्या दिवशी गाड्यांना बंद ठेवते. पण कोल्हापूरचा महाद्वार रोड, नाशिकचा मेन रोड, सोलापूरची नवी पेठ, कुठेही क्रम हाच राहतो. व्यापारी संघटना, रहिवाशांचा ग्रुप किंवा एखादा नगरसेवक, ज्याला हे मनापासून करायचंय त्याच्यासाठी हे आहे.

टप्पा १ : नक्की काय बंद करायचंय ते एका वाक्यात लिहा

"रस्ता वाहनमुक्त करा" हे वाक्य निवेदनात छान दिसतं पण त्यावर कुणी आदेश काढू शकत नाही. तुम्हाला चार गोष्टी ठरवायच्यात: कोणती वाहनं, कुठून कुठपर्यंत, किती ते किती, आणि कोणाला सूट.

सगळ्यात मोठा घोळ टू-व्हीलरचा. आपल्याकडे बाजारात येणारी निम्म्याहून जास्त जनता दुचाकीवर असते, त्यामुळे "खासगी कार बंद" आणि "खासगी वाहनं बंद" या दोन पूर्णपणे वेगळ्या योजना आहेत, आणि लोकं हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात म्हणून पहिल्याच मीटिंगमधे भांडण होतं. फक्त कार बंद केल्या तर विरोध कमी होईल, जागा बऱ्यापैकी सुटेल (एका कारच्या जागेत चार-पाच दुचाक्या मावतात), पण रिकाम्या झालेल्या कडेला दुसऱ्या दिवशी दुचाक्याच लागतील. सगळंच बंद केलं तर रस्ता खरंच चालण्यासारखा होईल पण पार्किंगची सोय दसपट नीट लागेल. माझं मत विचाराल तर पहिल्या फेरीत कार पूर्ण बंद, दुचाकीला जायला परवानगी पण थांबायला नाही, असं ठेवावं. दुचाकी थांबवायची नसली की ती आपोआप बाजूच्या पार्किंगमधे जाते, आणि "आमचं गिऱ्हाईक येणारच नाही" या ओरडीतली हवा थोडी निघते.

तुकडा निवडताना आडवे रस्ते बघा. लक्ष्मी रोडला बाजीराव रोड आणि शिवाजी रोड आडवे छेदून जातात, दोन्हीवर शहराची मुख्य वाहतूक आहे, ते अडवायचे नाहीत. म्हणजे बंद तुकडा कायम दोन चौकांच्या मधला घ्यायचा, आणि चौक स्वतः उघडा राहतो. तीनशे-चारशे मीटरचा तुकडा पहिल्यांदा पुरे. पूर्ण रस्त्याची हाव धरू नका.

वेळेचं म्हणाल तर दिल्लीत चांदनी चौकात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. आपल्या बाजारात दुकानं अकराच्या आसपास नीट उघडतात, त्यामुळे ११ ते ८ किंवा ११ ते ९ चालतं. चोवीस तास बंद ठेवू नका, कारण माल यायला वेळ लागतो आणि रात्री अकराला ओसाड रस्ता बंद ठेवून काही मिळत नाही.

> तपासा: तुमचं वाक्य शेजारच्या पानवाल्याला वाचून दाखवा. "मग माझा माल?" हा प्रश्न त्याने विचारला तर वाक्यात सूट लिहायची राहिलीये.

टप्पा २ : मोजणी. आणि ती तुम्हीच करायची

हा टप्पा सगळे टाळतात आणि इथेच पुढचे सगळे वाद जिंकले जातात, म्हणून जरा सविस्तर.

मोजणीचे दिवस आधी ठरवा. दिवाळीच्या आधीचा आठवडा नको, लग्नसराई नको, पितृपक्ष तर अजिबातच नको कारण कापड आणि सोन्याच्या दुकानात तेव्हा तसाही शुकशुकाट असतो. साधे दोन वार आणि एक रविवार घ्या, बाजाराची साप्ताहिक सुट्टी सोडून.

पार्किंगची मोजणी अशी करायची. एका माणसाने तुकड्याच्या एका टोकापासून चालत जायचं आणि कडेला लागलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे. अर्ध्या तासाने परत त्याच टोकापासून तीच फेरी. असं सकाळी दहा ते रात्री आठ. वहीत रकाने पाडून ठेवा, डावीकडे जागेची खूण (अमुक दुकानासमोर, ट्रान्सफॉर्मरजवळ वगैरे) आणि पुढे प्रत्येक फेरीचा रकाना. संध्याकाळी वही बघितली की एकच नंबर आडव्या ओळीत दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा आलेला दिसतो. ही गाडी गिऱ्हाइकाची नाही. ती दुकानाच्या मालकाची आहे, नाहीतर काउंटरवरच्या मुलाची, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या ऑफिसची. गिऱ्हाईक तास-दीड तासात निघून जातं.

हे कळणं फार महत्त्वाचं, कारण विरोधाचा मुख्य मुद्दा "गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नको का" हा असतो, आणि ती जागा बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकाला आजही मिळत नसते. पण हे भर मीटिंगमधे तोंडावर फेकू नका. वही हातात द्या, त्यांना वाचू दे.

दुसरी मोजणी गिऱ्हाइकांची. दुकानातून पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला एकच प्रश्न, "आज कसे आलात?" चालत, बस, मेट्रो, रिक्षा, दुचाकी, कार. त्याच्या आधी दुकानदाराला विचारून ठेवा की तुमच्याकडे शंभरातले किती जण कारने येतात. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. दुकानदाराचा अंदाज सहसा वरचा असतो, कारण कारवालं गिऱ्हाईक मोठं बिल करतं आणि तेच त्याच्या लक्षात राहतं.

तिसरी, मालाची. कोणत्या दुकानाला किती वाजता काय येतं: छोटा हत्ती, ट्रान्सपोर्टचा टेम्पो, हातगाडी की नुसता हमाल. सोनाराच्या दुकानाला आणि एटीएमला पैशाची व्हॅन लागते, तीही लिहा. एवढं झालं की मोजणी संपली.

> सावधान: मोजणी करणाऱ्यांनी गाड्यांचे फोटो काढत फिरू नये. लोकांना वाटतं चलान येणार आणि तासाभरात वातावरण बिघडतं. वही आणि पेन.

टप्पा ३ : माणसं. जाहीर सभा नंतर, दुकान आधी

पहिली पायरी म्हणून जाहीर सभा बोलावणं ही हमखास चूक. सभेत जो मोठ्याने बोलतो तोच बाजार ठरतो आणि एकदा का चारचौघात कुणी "आमचा विरोध आहे" बोलला की त्याला मागे फिरता येत नाही. त्यामुळे आधी एकेका दुकानात, दुपारी दोन ते चारच्या मंद वेळेत, चहा घेत बोला. योजना विकायला जाऊ नका, "माल कधी येतो, गाडी कुठे लावता, काय अडेल" एवढंच विचारा आणि लिहून घ्या.

कोणाकोणाकडे जायचं, हे बहुतेकांना अर्धंच आठवतं. दुकानदार आठवतात. विसरले जातात ते हे:

वरच्या मजल्यावर आणि मागच्या वाड्यात राहणारे. यांच्या गाड्या आत असतात आणि यांना रोज बाहेर पडायचं असतं. यातल्या वयस्कर लोकांचं "दवाखान्यात जायचं तर रिक्षा दारात येणार का" हे विचारणं अगदी रास्त आहे, त्याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे.

पथारीवाले. हे सगळ्यात नाजूक. गाड्या गेल्या की रस्ता मोकळा दिसतो आणि अधिकाऱ्यांना लगेच वाटतं की आता पथारीही हलवू. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि स्थलांतर करायचं झालं तर तीस दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेतेच असतात, त्यांच्याशी आधी बोला. पथारीवाल्यांना विश्वासात घेतलं तर ते तुमचे सगळ्यात पक्के साथीदार होतात, कारण चालणारं माणूस थांबतं आणि थांबलेलं माणूस काहीतरी घेतं. कारमधलं थांबत नाही.

रिक्षा स्टँड, हमाल, टेम्पोवाले, घंटागाडीचे कर्मचारी. देवळं आणि गणपती मंडळं. दवाखाने, क्लासेस, मंगल कार्यालय. मंगल कार्यालय असेल तर वरात आणि केटररची गाडी या दोन गोष्टींसाठी वेगळा नियम लागेलच, नंतर ठरवू म्हणून सोडू नका.

सगळ्यांचं ऐकून झालं की मग सभा घ्या. आणि सभेत "हवं की नको" असं मतदान नको, "तुम्ही सांगितलेल्या अडचणी या, त्यावर हे केलंय" एवढंच मांडा.

टप्पा ४ : नकाशा. गाड्या जाणार कुठे

आता कागदावर रस्ता काढा. कागद मोठा घ्या, आजूबाजूचे सगळे बोळ त्यात आले पाहिजेत. पुढच्या गोष्टी याच क्रमाने भरा, क्रम बदललात तर पुसापुशी करत बसाल.

१. आधी अग्निशमन आणि रुग्णवाहिका. तुकड्याच्या मधोमध एक सलग पट्टा कायम रिकामा राहील असा आखा. त्यात बाक नाही, कुंडी नाही, मांडव नाही. किती रुंद ते तुम्ही ठरवू नका, अग्निशमन केंद्रावर जा आणि त्यांची गाडी एकदा प्रत्यक्ष चालवून बघायला सांगा. जुन्या पेठांत गाडी सरळ जाते पण वळताना अडते, म्हणून बोळात वळवूनही बघा. लटकणाऱ्या केबल आणि दुकानांचे पुढे आलेले पत्रेही तेव्हाच दिसतात.

२. मग बस. तुकड्यातून पीएमपी (पुण्याची शहर बस) जात असेल तर ती ठेवायची की वळवायची? शक्यतो ठेवा. बस काढली तर तुम्ही गाडी नसलेल्या गिऱ्हाइकालाच दूर ढकललंत. मोठी बस बसत नसेल तर छोटी मागा, २०२१ मधे पुण्यात मध्यवस्तीसाठी दहा रुपयात दिवसभर फिरता येईल अशी पुण्यदशम ही छोटी बस सुरू झाली होती, तसलंच काहीतरी. लक्ष्मी रोडला आता मंडईचं मेट्रो स्टेशनही आहे, सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेलं, स्टेशनपासून बंद तुकड्यापर्यंतचा फुटपाथ धड आहे का हे नकाशात बघा. बहुतेकदा मधेच कुठेतरी एखादा डीपी बॉक्स (विजेची पेटी) वाट अडवून बसलेला असतो.

३. माल. सकाळी ११ च्या आधी लोडिंग-अनलोडिंग. ज्यांना दिवसाही माल लागतो (हॉटेल, दूध, फुलं, औषधं) त्यांच्यासाठी आडव्या रस्त्यावर दोन्ही टोकांना टेम्पो थांबायला जागा आखा आणि तिथून हातगाडीने आत. ही जागा खरोखर टेम्पोसाठी रिकामी राहिली पाहिजे, तिथे कार लागली तर दुपारपर्यंत टेम्पो बंद तुकड्यात घुसलेला असेल.

४. रहिवासी. पास द्या. एका घराला किती, ते आधी ठरवा. पासवर गाडीचा नंबर हवा, नुसतं नाव नको, नाहीतर तो पास भाच्याच्या गाडीवर दिसेल.

५. पार्किंग. लक्ष्मी रोडला मंडईजवळ महापालिकेची मिनर्वा आणि आर्यन ही वाहनतळं आहेत. प्रश्न जागेचा कमी आणि माहितीचा जास्त असतो, की बाहेरून आलेल्याला ते कुठे आहे, भरलंय का, आत जायचा रस्ता कुठला, हेच कळत नाही. बोर्ड लावायला किती लागतं? बोळांतल्या पी१-पी२ च्या पाट्याही (सम तारखेला एका बाजूला, विषमला दुसऱ्या) एकदा फिरून बघा, अर्ध्या वाकलेल्या किंवा फ्लेक्सखाली गडप झालेल्या सापडतील.

६. आणि शेवटी, वळवलेली वाहतूक. बंद तुकड्याऐवजी गाडी कुठल्या रस्त्याने जाईल? त्या बोळात आज दोन्ही बाजूंना गाड्या लागतात का? लागत असतील तर बोळातलं पार्किंग आधी एका बाजूला आणायचं, मुख्य रस्ता मग बंद करायचा. हे उलटं केलं की जी कोंडी होते तिचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि तुमची योजना तिथेच बारगळते.

> तपासा: नकाशा घेऊन संध्याकाळी सातला पर्यायी रस्त्याने स्वतः दुचाकीवरून जा. जिथे पाय टेकवावा लागला तिथे खूण करा. त्या खुणा सुटल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जायचं नाही.

टप्पा ५ : कागद

वाहनांवर बंदी घालायचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मधून येतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त आदेश काढतात, पुण्यातल्या आदेशांवर ११५, ११६ आणि ११७ ही कलमं दिसतील: बंदी, चिन्हं आणि पार्किंग. आयुक्तालय नसलेल्या ठिकाणी सहसा जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. महापालिका किंवा नगरपालिका रस्त्याची मालक असते, फुटपाथ, बोलार्ड (गाड्या अडवायला रोवलेले ठेंगणे खांब), बाक तिचे, पण "गाडी आत येऊ नये" हे तिच्या एकटीच्या पत्राने होत नाही. कित्येक जण सहा महिने पालिकेत चकरा मारून मग हे शिकतात.

याच कलमात एक कामाची सवलत आहे. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. म्हणून पहिला अर्ज कायमच्या बंदीचा करूच नका, एक महिन्याच्या आतल्या प्रायोगिक बंदीचा करा. अधिकाऱ्यालाही सही करायला सोपं जातं, कारण फसलं तर आपोआप संपतं.

अर्जासोबत जोडायचं: टप्पा १ चं वाक्य, मोजणीचा एक पानी गोषवारा, नकाशा, अग्निशमनचं पत्र, दुकानदार आणि रहिवाशांच्या सह्या. अर्जात चौकांची नावं पाटीवर जशी आहेत तशी लिहा, लोकांच्या तोंडी असलेलं नाव वेगळं असेल तर दोन्ही. सूट असलेली वाहनं स्पष्ट: अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस, पीएमपी, पासधारक रहिवासी, कचऱ्याची गाडी, शववाहिका. शेवटची लिहायला लोकांना संकोच वाटतो. लिहा.

प्रती पालिका आयुक्त, क्षेत्रीय कार्यालय, पथ विभाग, परिवहन, अग्निशमन, स्थानिक पोलीस ठाणे. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्क्याची पोच घ्या. "साहेबांना व्हॉट्सॲप केलंय" याला काडीचा अर्थ नाही, साहेब बदलतात.

कायम आदेशाच्या आधी पोलीस हरकती-सूचना मागवतात आणि त्याला मुदत असते. इथे एक गंमत होते, ज्यांना योजना हवीये ते घरी बसतात आणि ज्यांना नकोय तेच लेखी देतात, मग फाईलवर शंभर टक्के विरोध. तुमच्या बाजूच्या लोकांनाही लेखी द्यायला लावा, आणि एकाच मजकुराच्या झेरॉक्स नकोत, प्रत्येकाने आपलं आपलं दोन ओळींचं द्यावं.

टप्पा ६ : पाट्या आणि अडथळे

पाटी बंद तुकड्याच्या तोंडाशी लावून उपयोग नाही, तिथे पोचलेला माणूस रिव्हर्स कुठे घेणार? जिथून तो वळू शकतो त्या आधीच्या चौकात पहिली पाटी, मग तोंडाशी दुसरी. पाटीवर नो एंट्रीचं चिन्ह, खाली कार असं चित्र, वेळ, आणि "पार्किंग इकडे" चा बाण. मराठीत मोठ्या अक्षरात. सूटींची लांबलचक यादी पाटीवर छापू नका, चालत्या गाडीवरून कुणी वाचत नाही.

अडथळ्याचं गणित जरा किचकट आहे. बोलार्डमधे व्हीलचेअर जायला हवी, त्यासाठी अंतर साधारण १.२ मीटर ठेवतात. ज्या फटीतून व्हीलचेअर जाते त्यातून ॲक्टिव्हाही जाते. म्हणजे बोलार्ड कार अडवतो, दुचाकी नाही, आणि दुचाकी अडवायला म्हणून फट कमी केली की व्हीलचेअर, बाबागाडी, हातगाडी सगळं अडतं. तिथे माणूसच लागतो. चांदनी चौकातही दुचाक्या आत शिरण्याच्या तक्रारी येत राहिल्या, त्यामुळे आपल्याकडे पाटी वाचून लोकं थांबतील या भ्रमात राहू नका.

साखळी लावू नका, संध्याकाळी दिसत नाही आणि दुचाकीवाला जाऊन अडकतो. मधला बोलार्ड काढता येणारा घ्या, आणि त्याची किल्ली कोणाकडे हे ठरवा: एक पोलीस चौकी, एक तुकड्यातलंच रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं दुकान. किल्ली क्षेत्रीय कार्यालयाच्या कपाटात असेल तर रात्री बंब आल्यावर बोलार्ड तोडावा लागेल.

टप्पा ७ : ट्रायल

एक दिवसाची ट्रायल म्हणजे ट्रायल नाही. पादचारी दिनाला रस्त्यावर रांगोळी असते, कार्यक्रम असतात, लोकं बघायला म्हणून येतात, वातावरण छान असतं, पण त्यावरून साध्या मंगळवारचं काहीच कळत नाही. बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर नोव्हेंबर २०२० पासून काही महिने दर शनिवार-रविवार बंद ठेवून बघितलं होतं, ते निदान बरं. बाजारपेठेसाठी मी सलग तीन आठवडे धरीन, कामाचे वार धरून.

पहिला आठवडा वाईटच जातो. रोजचा येणारा सवयीने तिथेच येतो, वळतो, हॉर्न वाजवतो. याच आठवड्यात फोन जातात आणि याच आठवड्यात योजना मरते. त्यामुळे सुरुवातीलाच सगळ्यांना, खासकरून अधिकाऱ्यांना, सांगून ठेवा की पहिल्या सात दिवसांत काहीही बदलायचं नाही आणि काहीही ठरवायचं नाही. अपवाद एकच, रुग्णवाहिका अडकली तर लगेच बदल.

दोन्ही टोकांना माणसं पाहिजेत, सकाळी एक पाळी, दुपारनंतर दुसरी. ट्रॅफिक पोलीस किंवा वॉर्डन गाडी अडवेल, तुमचा स्वयंसेवक फक्त पार्किंगचा रस्ता दाखवेल. स्वयंसेवकाने गाडीसमोर उभं राहायचं नाही, हुज्जत घालायची नाही, तो अधिकार त्याला नाही.

रोज रात्री एका वहीत चार ओळी: किती वाजता कोंडी झाली, कुठे, कोणाला खरी अडचण आली, कोणी फक्त आरडाओरडा केला. "खरी अडचण" आणि "आरडाओरडा" वेगळे लिहा, तीन आठवड्यांनी दोन्ही सारखंच आठवतं.

> सावधान: गाड्या गेल्यावर जागा रिकामी ठेवू नका आणि स्टॉलनेही भरू नका. स्टेज, सेल्फी पॉइंट, खाऊगल्ली हे सगळं ट्रायलमधे टाळा, आवाजाने रहिवासी विरोधात जातात. लागतं ते साधं आहे: बसायला बाक, सावली, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ मुतारी, बायकांसाठी वेगळी. दुकानांचा माल पायरीच्या पुढे येऊ द्यायचा नाही हे पहिल्या दिवसापासून, नाहीतर कारने सोडलेली जागा पुतळ्यांना घातलेले ड्रेस खातात.

टप्पा ८ : परत मोजा, मगच कायमचं

टप्पा २ ची मोजणी तशीच परत करा, तेच वार, तीच वही, आणि यावेळी बोळांतलीही.

धंद्याचा प्रश्न येणारच. "धंदा कसा आहे" असं विचारलं तर उत्तर कायम "मंदी आहे" असतं, गाड्या चालू असताना पण तेच असतं. रक्कम कुणी सांगणार नाही. त्याऐवजी रोज किती बिलं फाटली तेवढं विचारा, पहिल्या आणि शेवटच्या बिलाचा नंबर, बास. वीस-पंचवीस दुकानं तयार झाली तरी चित्र कळतं.

आणि मागच्या वर्षीशी तुलना करताना तारखेने करू नका, सणाने करा. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, २०२६ ची अधिक महिन्यामुळे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते. ऑक्टोबरला ऑक्टोबरशी लावलं तर धंदा कोसळलेला दिसेल आणि त्याचं खापर तुमच्या बॅरिकेडवर फुटेल. लग्नाचे मुहूर्तही बघून घ्या, लक्ष्मी रोडसारख्या साड्या-दागिन्यांच्या बाजारात मुहूर्त नसलेला महिना वेगळाच असतो.

निष्कर्ष काढताना दुकानांचे प्रकार वेगळे ठेवा. कपडे, चपला, खाणं, किरकोळ वस्तू यांना चालणारी गर्दी मानवते. फ्रीज-टीव्ही, भांड्यांचा होलसेल, टाइल्स, यांना खरंच त्रास होतो आणि तो नाकारून उपयोग नाही. त्यांच्यासाठी डिलिव्हरीची वेगळी वेळ किंवा टोकाच्या टेम्पो-जागेत हक्काचा स्लॉट द्या.

मग कायमचा अर्ज. त्यात ट्रायलमधे काय बदललं ते लिहा, म्हणजे हरकती वाचणाऱ्या अधिकाऱ्याला दिसतं की तुम्ही ऐकलंय. सिमेंट-फरशीचं काम आदेश निघाल्यावर किमान एक पावसाळा आणि एक गणेशोत्सव बघून काढा. पाणी कुठे तुंबतं, मांडव कुठे पडतो, मिरवणूक कशी वळते हे कळायच्या आत रस्ता उंच-सखल करून ठेवला की दोन वर्षात परत खोदाई. चढ-उतार नसलेला, फुटपाथ आणि रस्ता एका पातळीवरचा करायचा असेल तर ड्रेनेजची पातळी आधी ठरवा, दुकानांच्या उंबऱ्याच्या खाली राहील अशी.

कायम आदेश हातात आल्यावर तीन कामं लगेच करा: रहिवासी पासची मुदत एक वर्षाची ठेवून नूतनीकरणाचा महिना जाहीर करा, बोलार्डच्या किल्ल्या कोणाकडे आहेत त्याचा कागद पोलीस चौकीत आणि अग्निशमन केंद्रात लावा, आणि आदेशाची प्रत लॅमिनेट करून दोन्ही टोकांच्या दुकानांत ठेवा, कारण "दाखवा कुठे लिहिलंय" असं विचारणारा पहिल्याच संध्याकाळी येणार आहे.